ढगातली खतावणी

पहाटेचे सव्वातीन वाजले होते. भाच्याच्या वास्तुशांतीसाठी म्हणून मी महाळुंग्याला गेले होते आणि पाहुणे पांगल्यावर दोन दिवस मुद्दाम मागे राहिले होते. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरांची घरघर त्याच्या घराच्या खिडकीतून रात्रभर ऐकू येते. नवख्या माणसाला झोप लागत नाही. त्यामुळे त्याचा फोन वाजला तेव्हा मी जागीच होते. "बंद म्हणजे? पूर्ण बंद?" एवढेच तो बोलला आणि शर्ट अडकवत मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. "आत्या, तू झोप," असे जाता जाता म्हणाला. मी अर्थातच झोपले नाही.

भाच्याचा धंदा लहान आहे. साठेक माणसे, पाच-सहा प्रेस. मोटारीच्या आत कुठेतरी बसणारे आणि आपल्याला आयुष्यात कधीही न दिसणारे लोखंडी ब्रॅकेट तो बनवतो. ते एका मोठ्या पुरवठादाराकडे जातात आणि तिथून मोटारीच्या कारखान्यात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे या पट्ट्यात असे कितीतरी कारखाने एकमेकांच्या साखळीत अडकलेले आहेत. मोठे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत. माल तासांच्या हिशेबाने दारात यावा लागतो. नाही आला तर तिकडची लाइन थांबते आणि थांबलेल्या लाइनचा खर्च ज्याच्यामुळे थांबली त्याच्या नावावर पडतो.

त्या रात्री माल तयार होता, दोन टेम्पो भरून उभे होते, ड्रायव्हर गाडीत डुलक्या घेत होते. नव्हता तो फक्त कागद. बिल आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. बिल निघते संगणकावर, आणि त्या संगणकाच्या पोटातली सगळी माहिती, म्हणजे कोणत्या खणात किती नग, कोणाची किती ऑर्डर, कोणते बिल कितीचे, ही कारखान्यात नसतेच. ती असते क्लाउडवर, भाड्याने घेतलेल्या डेटाबेसमध्ये. हा डेटाबेस रात्री दोनच्या सुमारास बंद पडला होता.

कारण ऐकून मला हसावे की रडावे कळेना. भाड्याने घेतलेली जागा भरली होती! एका जुन्या अहवालासाठी रोज रात्री एक तात्पुरती यादी तयार होत असे आणि ती कोणी पुसत नसे. ती वाढत वाढत गेली आणि शेवटी नवी एक ओळ लिहायलाही जागा उरली नाही. बरे, यंत्राने सूचना दिली नव्हती असे नाही. अकरा दिवस ते रोज ईमेल पाठवत होते. ईमेल जात होते मार्च महिन्यात नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरच्या पत्त्यावर. जागा वाढवून घ्यायला पाच मिनिटे पुरली असती. पण त्यासाठी मुख्य खात्यात शिरायला लागणारा सांकेतिक आकडाही त्याच मुलाच्या मोबाइलवर जात होता. तो मुलगा पहाटे पावणेसहाला त्याच्या गावी सापडला. भला माणूस, डोळे चोळत त्याने आकडा सांगितला. साडेसहाला पहिला टेम्पो गेटबाहेर पडला. दंड बसला तो बसलाच, शिवाय पुरवठादार म्हणून जे गुण दिले जातात त्यातले काही कापले गेले.

सकाळी नऊला घरी आल्यावर भाचा मला म्हणाला, "आत्या, आम्ही हे सगळं त्यांना बघायला दिलंय गं. दर महिन्याला पैसे भरतो."

'बघायला दिलंय.' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आजचा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. कारण हे केवळ भाच्याच्या कारखान्यापुरते नाही. तुमचे बँकेतले खाते, तुमच्या मुलांचे शाळेतले गुण, तुमच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा, असे सगळे आज कुणाला ना कुणाला 'बघायला दिलेले' आहे.

मी ऐंशीच्या दशकात बँकेत लागले. तेव्हा शाखेत हातभर लांबीची लेजरं होती. नव्या माणसाला वाटायचे की बँकेत पहिल्यांदा हिशेब शिकवतात. तसे नव्हते. पहिल्यांदा शिकवायचे ते किल्लीबद्दल. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. बदली झाली की निरोपसमारंभ नंतर; आधी रोख मोजून, किल्ल्यांची नोंद करून, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने चार्ज रिपोर्टवर सह्या करायच्या. त्या वेळी मला हा सगळा सरकारी छापाचा कंटाळवाणा प्रकार वाटायचा. भाच्याच्या गेटवर उभ्या राहिलेल्या त्या दोन टेम्पोंनी मला त्याचा अर्थ चाळीस वर्षांनी समजावून सांगितला.

डेटाबेस म्हटले की घरातली मोठी माणसे वर्तमानपत्राचे पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. पण थोडे थांबा. ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात ती वस्तू आपल्या वाण्याच्या दुकानातल्या लाल चोपड्यांपेक्षा फार निराळी नाही. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये, आडव्या ओळी आणि उभे रकाने अशा रूपात ठेवावी आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध सामाईक क्रमांकाने जोडावा, असा त्याचा गाभा. ग्राहकांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, व्यवहारांचा तिसरा. ग्राहक क्रमांक हा त्यांना बांधणारा दोरा. आज जगातल्या बहुतेक बँका, रेल्वेची आरक्षणे, सरकारी नोंदी याच पायावर उभ्या आहेत.

यातली दोन तत्त्वे तर सरळ आपल्या हिशेबाच्या परंपरेतली वाटावीत अशी आहेत. पहिले असे की व्यवहार पुरा तरी होईल किंवा मुळीच होणार नाही. तुमच्या खात्यातून पाच हजार वजा झाले आणि माझ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरू होताना ते वजा झालेले पाच हजार परत जागेवर ठेवते. दुसरे असे की आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेस कुठलाही बदल पक्का धरण्याआधी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करतो. उद्या खतावणी जळाली आणि परवाची प्रत हाताशी असली, तर परवाच्या प्रतीवर कालची आणि आजची रोजकीर्द पुन्हा चढवून आज दुपारी तीनपर्यंतचा हिशेब उभा करता येतो. आमच्या शाखेत एकदा छपराच्या गळतीने एक लेजर भिजून लगदा झाले होते. तेव्हा आम्ही चौघींनी सहा रात्री बसून व्हाउचरांवरून ते पुन्हा लिहून काढले. काम तेच, यंत्र ते काही मिनिटांत किंवा तासांत करते, एवढाच फरक. मात्र त्याला परवाची प्रत आणि रोजकीर्द, दोन्ही शाबूत लागतात.

आता ही खतावणी ढगात गेली म्हणजे काय झाले? क्लाउड हे नाव ठेवणाऱ्याने आपली मोठी दिशाभूल केली आहे. आकाशात काही नाही. ऐरोली-महापेच्या बाजूला गेलात तर खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती दिसतील. त्यांत कपाटांच्या रांगांसारखी रचलेली यंत्रे आहेत, ती थंड ठेवायची व्यवस्था आहे, वीज गेली तर डिझेलचे जनरेटर आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात क्लाउड केंद्रे सुरू केली तेव्हा त्यातले एक पुण्यात होते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत सुरू केले. म्हणजे भाच्याची खतावणी महाळुंग्याहून उडाली आणि फार तर घाट उतरून खाली जाऊन बसली.

आणि ती तिथे गेली याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. कागद आणि स्वतःच्या कपाटातला संगणक यांचे कौतुक करणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या किती घरांची कागदपत्रे नदीने नेली, हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि फायलींचे ढीगच्या ढीग राख झाले. लहान कारखान्यात तर हिशेबाचा संगणक बहुधा जिन्याखाली असतो, त्याच्यावर धूळ असते आणि त्याच्या शेजारी पाण्याचा माठ! त्यापेक्षा ऐरोलीची इमारत हजार पटींनी बरी. तिथे चकती बिघडली तर रातोरात बदलतात, नवे दुरुस्तीचे ठिगळ आले तर लावतात, रोजची प्रत आपोआप काढतात. हे सगळे भाच्याने स्वतः करायचे म्हटले तर त्याला ब्रॅकेट बनवायला वेळच उरणार नाही.

गफलत होते ती पुढच्या पायरीवर. भाड्याच्या लॉकरची बँक भिंत सांभाळते, पहारेकरी ठेवते, दार बंद करते. पण लॉकरमध्ये काय ठेवलेत, किल्ली कोणाला दिलीत, वर्षातून एकदा तरी उघडून पाहिलेत का, हे बँक बघत नाही. क्लाउडचेही तसेच आहे. यंत्र, वीज, इमारत ही त्यांची जबाबदारी. खात्यात कोणी शिरायचे, जागा किती घ्यायची, धोक्याची सूचना कोणाला जायची, प्रती किती दिवस ठेवायच्या, ही तुमची. करारात हे स्पष्ट लिहिलेले असते. ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत आपोआप काढलेल्या प्रती जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येतात. ज्याला दोन महिन्यांपूर्वीची चूक आज सापडली, त्याने त्यापूर्वीची प्रत स्वतः बाजूला काढून ठेवलेली नसेल तर त्याला कोणी वाचवू शकत नाही. आमच्याकडे तर ऑडिटरला दोन-दोन वर्षांपूर्वीच्या चुका सापडत.

मग 'बघणे' म्हणजे नेमके काय बघायचे? बँकेच्या शाखेत उभे राहा, म्हणजे कळेल. काउंटर आठ आहेत आणि माणसे ऐंशी आली, तर बाकीची दारात उभी राहतात. डेटाबेसलाही एका वेळी किती जणांशी बोलायचे याची मर्यादा असते. ती भरली की नव्या माणसाला 'सर्व्हर डाउन' दिसते, प्रत्यक्षात सर्व्हर धडधडीत चालू असतो. खातेदाराचे पान शोधायला लेजरच्या पुढे सूची असते. ती फाटली तर कारकून एक एक पान उलटत बसतो आणि मागे रांग वाढते. डेटाबेसमध्ये अशी सूची करायची राहून गेली की पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही, कारण पानेच थोडी असतात. पाचव्या वर्षी सगळे रखडते. आणि आणखी एक गंमत आम्ही नेहमी पाहायचो. एका कारकुनाच्या हातात चालू खात्यांचे लेजर, त्याला हवे बचत खात्यांचे. दुसरीच्या हातात बचतीचे, तिला हवे चालूचे. दोघेही आपले सोडायला तयार नाहीत. अशा वेळी हेडक्लार्क ओरडून एकाला लेजर खाली ठेवायला लावायचा. डेटाबेसही तेच करतो. दोघांपैकी एकाचे काम रद्द करतो. असे रोज किती वेळा होते हे जो मोजत नाही, त्याला एक दिवस एकदम कळते.

म्हणजे जागा किती उरली, दारात किती जण उभे आहेत, कोणता शोध रखडतो आहे, दुसऱ्या ठिकाणची जुळी प्रत मूळ हिशेबाच्या किती मागे आहे, आणि काल रात्रीची प्रत खरेच निघाली का, या पाच गोष्टी रोज पाहिल्या तरी निम्म्याहून अधिक संकटे दारातच अडतात असे या क्षेत्रातली जाणती मंडळी सांगतात. आकडे पडद्यावर दिसतातच. पडद्यासमोर माणूस आहे का, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न फक्त महाळुंग्याचा नाही. गिटलॅब ही संगणकतज्ज्ञांचीच कंपनी; जगभरातले प्रोग्रॅमर आपले काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक दमलेला इंजिनिअर बिघडलेली जुळी प्रत पुसायला गेला आणि त्याने चुकून मूळ डेटाबेसच पुसायला घेतला. लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट शिल्लक होते. मग प्रती शोधायला घेतल्या. रोजची प्रत बरेच दिवस निघतच नव्हती, कारण प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या. ती निघत नाही अशी सूचना ईमेलने जात होती, पण ते ईमेल वाटेतच नाकारले जात होते! शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. त्या सहा तासांतले काम मात्र गेले ते गेलेच. कंपनीने हे सारे लपवले नाही, जगासमोर मांडले. त्याबद्दल तिला मानले पाहिजे. पण माझा भाचा आणि हे जगद्विख्यात तज्ज्ञ एकाच दगडाला अडखळले, हे वाचून मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. धोक्याची घंटा वाजत होती, ऐकायला कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण पेन्शनीचे, म्हणून माझ्या वयाच्या वाचकांनी लक्ष देऊन वाचावे. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा सहा लाखांहून अधिक सभासदांचा निवृत्तिवेतन निधी. त्याने आपला सगळा कारभार गूगलच्या क्लाउडवर नेला होता आणि सावधगिरी म्हणून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळ्या प्रती ठेवल्या होत्या. मे २०२४ मध्ये क्लाउडवाल्यांच्याच हातून, खाते उघडताना एक रकाना कोरा राहिला होता या कारणाने, ते खाते मुदत संपल्यासारखे पुसले गेले. दोन्ही ठिकाणचे, एकदमच. सभासदांना आठवडाभर आपली शिल्लक पाहता आली नाही. पैसे गेले नाहीत आणि कारभार पुन्हा उभा राहिला, त्याचे एक कारण असे की त्या निधीने आणखी एका, अगदी वेगळ्या कंपनीकडे प्रती ठेवल्या होत्या. जुळी प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे, हा यातला धडा. मूळ खतावणीत खोडाखोड झाली की जुळीतही ती त्याच क्षणी उमटते. राखीव प्रत वेगळ्या छपराखाली, वेगळ्या किल्लीत हवी.

आता आपल्या अंगणात या. ३१ जुलै २०२४ रोजी देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका प्रामुख्याने आल्या, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एकदम थांबले. या बँका ज्या एका कंपनीकडून संगणकसेवा घेत होत्या, त्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला होता. आग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्या कंपनीची जोडणीच तात्पुरती तोडली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. तीनशे बँकांच्या अध्यक्षांपैकी कितीजणांना आदल्या दिवशी माहीत असेल की आपली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या बँकेची कडी एकच आहे?

त्याआधीचा पुण्याचा घाव तर अजून ताजा आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी खातेदारांच्या खतावणीला हातही लावला नव्हता. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या खतावणीपर्यंत पोचूच न देता, मध्येच एक खोटे यंत्र बसवून तेच 'पैसे द्या' म्हणत होते. देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत होते आणि खतावणी शांत होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. बँकवाली म्हणून मला यातून एकच गोष्ट दिसते. खतावणी बरोबर आहे एवढे पुरत नाही. ती बाहेरच्या जगाशी, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या यादीशी, ताडून पाहावी लागते आणि आता ते महिनाअखेरीला करून भागत नाही, तासातासाला करावे लागते. सुट्टीच्या दिवशीही.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये संगणकसेवा बाहेर देण्याबाबत जे निर्देश काढले, त्यांचे सार आमच्या हेडक्लार्कच्या भाषेत सांगायचे तर असे: काम बाहेर द्या, जबाबदारी देता येणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने संगणकावरचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन घातले. नियम आहेत. पण नियम बँकेला लागू होतात तितक्या धाकाने लहान कारखान्याला, शाळेला, गृहनिर्माण संस्थेला, दवाखान्याला कोण लावणार?

आणि सर्वांत मोठी खतावणी तर सरकारची. राज्यातले अडीच कोटींहून अधिक सातबारे आज संगणकात आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत राज्य सरकारने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले. तलाठ्याच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) दप्तरासाठी ज्यांनी चकरा मारल्या आहेत, त्यांना ही सोय काय मोलाची आहे हे सांगायला नको. पण 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे वाक्यही आता ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत रुळले आहे. महाळुंग्यासारख्या गावात, जिथे एमआयडीसी आल्यापासून जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याला भाव आहे, तिथे एका फेरफाराला झालेला आठ दिवसांचा उशीर म्हणजे कुणाचे कर्ज अडते, कुणाचा सौदा मोडतो, कुणाच्या भावकीत नवे भांडण उभे राहते.

हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना नावे, क्षेत्रे, हिश्शे यांच्या चुका झाल्या, त्या दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. पण ज्याला चूक झाल्याचे माहीतच नाही, तो अर्ज कसला करणार? पूर्वी चावडीत मोठ्याने वाचन व्हायचे आणि चूक गावाच्या कानावर पडायची. डेटाबेस यंत्राच्या चुका शोधून काढू शकतो. तुमच्या आजोबांचे नाव 'गणपत' होते की 'गणपती', हे त्याला कसे कळणार? तिथे राखण मालकानेच करायची. म्हणून माझी घरोघरी विनंती आहे की वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रांबरोबर म्हणा हवे तर, आपला सातबारा आणि आठ-अ काढून घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा आणि छापील प्रत फायलीत लावावी. ती तुमची राखीव प्रत.

तसेच जिथे जिथे आपली माहिती ठेवली आहे, तिथे चार साधे प्रश्न विचारायला लाजू नये. सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, मुलांच्या शाळेच्या पालकसभेत. धोक्याची सूचना कोणाला जाते आणि तो माणूस अजून नोकरीत आहे का? किल्ली एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये तर नाही ना? राखीव प्रत वेगळ्या छपराखाली आहे का? आणि ती प्रत शेवटची कधी उघडून, हिशेब जुळवून पाहिली होती? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरेल, असा माझा अंदाज आहे. प्रत काढणे ही क्लाउडवाल्यांची मेहेरबानी. ती उघडते की नाही हे आपणच पाहायचे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी संगणक केंद्राला आग लागली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची बाहेर प्रत नव्हती. साठा फार मोठा होता म्हणून काढली नव्हती, हे त्याचे कारण!

महाळुंग्याहून निघायच्या दिवशी भाचा मला सुदुंबऱ्याला घेऊन गेला. त्याच रस्त्यावर, पुढे. तिथे संताजी जगनाड्यांची समाधी आहे. चाकणचा हा तेली, तुकोबांचा टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचा लेखक. इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वह्या पाण्यातून तरल्या असे श्रद्धा सांगते. लोकांच्या तोंडी आणि संताजींसारख्यांनी लिहून ठेवलेल्या पानांत अभंग आधीच जिवंत होते असेही जाणते लोक सांगतात. मला त्या वादात पडायचे नाही. कुणी तरी रोज बसून, दुसऱ्याचे शब्द आपले मानून, पुन्हा पुन्हा उतरवून घेत होते, एवढे मात्र त्या समाधीपुढे उभे राहिल्यावर मनात आले.

मागच्या महिन्यात पुन्हा जाणे झाले. कारखान्याच्या ऑफिसात, देवाच्या तसबिरीखाली, एक जाड रजिस्टर खिळ्याला टांगले होते. भाच्याने आता नियम केला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी क्लाउडवरची प्रत एका वेगळ्या संगणकावर उघडायची, आणि तिच्यातले दहा खण निवडून, त्यांतले ब्रॅकेट त्या तारखेनंतरच्या चलनांचा हिशेब धरून प्रत्यक्ष मोजायचे. मी रजिस्टर उघडून पाहिले. तारीख, कोणी मोजले, फरक किती. शेवटच्या पानावर वेगळे रकाने आखले होते: किल्ली कोणाची, कोणी दिली, कोणी घेतली. दोन सह्या. दुसऱ्या नोंदीत सात नगांचा फरक होता आणि समोर लाल शाईत लिहिले होते, 'खण ४ मध्ये मोजताना चूक. पुन्हा मोजले. जुळले.'

मी पान मिटले. माझ्या पहिल्या हेडक्लार्कने ते अक्षर पाहिले असते तर कोपऱ्यात बारीक टिक केली असती.